दुर्बळ केलेला विषाणू पुन्हा सबळ होतो काय?

लसीकरणाच्या कामात सहभागी होणाऱ्या शिक्षकांपुढे, आरोग्यसेविकांपुढे आणि पंचायत सदस्यांपुढे एक प्रश्न हमखास उभा राहतो. मेलेल्या जंतूची लस टोचली तर ते एक वेळ समजू शकते. परंतु जिवंत जंतूच मुलाच्या तोंडात किंवा नाकात सोडावयाचा आणि तो पुढे जोर धरणार नाही, याची हमी काय? हा प्रश्न अज्ञानातून आलेला आहे असे समजून पुष्कळदा उडवून लावला जातो. ते योग्य नव्हे. ज्या शास्त्रज्ञांनी जिवंत लसी तयार केल्या, त्यांनाही नेमक्या याच प्रश्नाने अनेक वर्षे सतावले होते. त्यांपैकी काहींचे प्रयत्न याच कारणास्तव सोडून द्यावे लागले. इन्फ्ल्यूएंझा अर्थात फ्ल्यू या रोगावरील जिवंत लसीच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर कसे शोधले गेले, हे पाहण्यासारखे आहे.

महाराष्ट्राचा या रोगाशी जुना संबंध आहे. १९१८ मध्ये मुंबई बंदरातून शिरलेल्या साथीने भारतात एक कोटीहून अधिक माणसे दगावली. अलीकडचा अनुभव २००९ सालचा. जागतिक आरोग्य संघटनेने ११ जून २००९ रोजी नव्या फ्ल्यूची जागतिक साथ जाहीर केली. ‘स्वाइन फ्ल्यू’ या नावाने ती लोकांच्या तोंडी राहिली. भारतातील तिचा पहिला बळी ३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात गेला. त्यानंतर वर्षभराच्या आत, जुलै २०१० मध्ये, पुण्याच्याच सीरम इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया या संस्थेने नाकात फवारण्याची जिवंत लस उपलब्ध करून दिली. या लसीतील दुर्बळ वाण मात्र पुण्यात निर्माण झालेले नव्हते. ते रशियातून आले होते आणि त्यामागे अर्धशतकाचा इतिहास होता.

आठ तुकड्यांचा विषाणू

फ्ल्यूच्या विषाणूचा आनुवंशिक मजकूर एकसंध नसतो. तो आरएनए या द्रव्याच्या आठ स्वतंत्र तुकड्यांत विभागलेला असतो. आठही तुकडे मिळून सुमारे साडेतेरा हजार अक्षरांचा हा मजकूर होतो. त्यांपैकी दोन तुकडे विषाणूच्या बाह्य आवरणावरील काटेरी प्रथिने घडवितात. हिमॅग्लुटिनिन व न्यूरामिनिडेज ही त्यांची नावे. एच-१ एन-१, एच-३ एन-२ ही जी नावे वर्तमानपत्रांतून वाचावयास मिळतात, ती या दोहोंच्या आद्याक्षरांवरून पडली आहेत. शरीराची प्रतिकारयंत्रणा विषाणूला ओळखते ती प्रामुख्याने याच आवरणावरून. उरलेले सहा तुकडे विषाणूचा अंतर्गत कारभार पाहतात. पीबी-१, पीबी-२ व पीए या नावांची तीन जनुके मिळून मजकुराच्या नकला काढणारे यंत्र तयार होते, एनपी नावाचे जनुक त्या मजकुराला आधार देणारे प्रथिन पुरविते, तर एम व एनएस ही इतर कामे सांभाळतात.

नकला काढणारे हे यंत्र फार निष्काळजी असते. माणसाच्या पेशीत मजकूर उतरवून झाल्यावर तो तपासून चुका दुरुस्त करण्याची सोय आहे. फ्ल्यूच्या विषाणूपाशी ती नाही. साधारणतः लाख अक्षरे उतरविताना एखाद-दुसरी चूक राहून जाते आणि नव्या विषाणूंच्या प्रत्येक पिढीत काही जण मूळ मजकुराहून एखाद्या अक्षराने वेगळे निपजतात. या बदलालाच उत्परिवर्तन म्हणतात. बहुतेक उत्परिवर्तने निरुपयोगी किंवा विषाणूला घातक ठरतात आणि नाहीशी होतात. एखादे मात्र उपयोगी पडते. दरवर्षी फ्ल्यूची लस बदलावी लागते ती आवरणावर साचत जाणाऱ्या अशा बदलांमुळे.

विषाणूचा हा स्वभाव दोन्ही बाजूंनी काम करतो. याच उत्परिवर्तनांच्या आधारे त्याला दुर्बळ करता येते, आणि यांच्याच आधारे तो पुन्हा सबळ होण्याची भीती असते.

थंडीत वाढविलेले वाण

अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात काम करणारे डॉ. हुनैन मासाब हे मूळचे सीरियातील दमास्कसचे. १९६० मध्ये अ‍ॅन आर्बर या गावी मिळालेला फ्ल्यूचा एक विषाणू त्यांनी कोंबडीच्या पिलांच्या मूत्रपिंडाच्या पेशींत वाढविण्यास घेतला आणि तापमान क्रमाक्रमाने उतरवीत नेले. शेवटी २५ अंश सेल्सिअसवर, म्हणजे शरीराच्या तापमानाहून तब्बल बारा अंश खाली, हा विषाणू सुखाने वाढू लागला. या प्रयोगाची माहिती १९६७ मध्ये प्रसिद्ध झाली. थंडीला सरावलेल्या या विषाणूची उष्णता सोसण्याची शक्ती मात्र कमी झाली होती. ३९ अंशांवर त्याची वाढ जवळजवळ थांबत असे. फेरेट या मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्याला माणसाप्रमाणेच फ्ल्यू होतो. त्याच्या फुप्फुसातही हा विषाणू तग धरू शकत नसे.

माणसाच्या नाकातील तापमान सुमारे ३३ अंश असते, तर फुप्फुसात ते ३७ अंशांच्या आसपास असते. थंडीला सरावलेला विषाणू नाकात थोडाफार वाढतो, तेथे शरीराला आपली ओळख करून देतो आणि खाली उतरून न्यूमोनिया निर्माण करण्याची ताकद नसल्यामुळे तेथेच संपतो. हेच या लसीचे सूत्र होय.

सोव्हिएत रशियात लेनिनग्राड येथे याच दिशेने स्वतंत्रपणे काम चालू होते. १९५७ च्या आशियाई फ्ल्यूच्या साथीतील एक विषाणू तेथील शास्त्रज्ञांनी गर्भयुक्त अंड्यांत वाढविला आणि पुढे २५ अंशांवर एकामागून एक १७ पिढ्या काढल्या. पिढी याचा अर्थ येथे एका अंड्यातून दुसऱ्या अंड्यात केलेले संक्रमण. ‘ए लेनिनग्राड १३४/१७/५७’ या वाणाच्या नावातील १७ हा आकडा या संक्रमणांचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मध्यस्थीने हे वाण पुढे विकसनशील देशांतील लस उत्पादकांना मिळाले. पुण्याची संस्था त्यांपैकी एक. या पद्धतीचा एक व्यावहारिक फायदाही होता. मृत विषाणूच्या लसीच्या तुलनेने एका अंड्यापासून जिवंत लसीच्या अनेक पट अधिक मात्रा निघतात. साथीच्या घाईत ही गोष्ट लहान नव्हे.

दरवर्षी नवी लस तयार करावयाची झाल्यास हा सगळा खटाटोप पुन्हा करावा लागत नाही. दुर्बळ वाण आणि त्या वर्षी पसरलेला रानटी विषाणू यांना एकाच वेळी अंड्यात किंवा पेशींत वाढविले, की त्यांच्या तुकड्यांची सरमिसळ होते. त्यातून सहा अंतर्गत तुकडे दुर्बळ वाणाचे आणि आवरणाचे दोन तुकडे रानटी विषाणूचे, असे मिश्रण निवडून घेतात. बैल जुनाच ठेवून दरवर्षी झूल तेवढी बदलावी, तसा हा प्रकार आहे. शरीर झूल पाहून शत्रू ओळखावयास शिकते.

मासाब यांना आपल्या विषाणूत नेमके काय बदलले आहे हे त्या काळी ठाऊक नव्हते. आनुवंशिक मजकूर वाचण्याची साधनेच तेव्हा नव्हती. लस उपयोगात आणण्याइतकी सिद्ध झाली, अमेरिकेत जून २००३ मध्ये तिला परवाना मिळाला, आणि त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून उष्णता न सोसण्याच्या गुणाचा उलगडा झाला. पीबी-१ प्रथिनात ३९१, ५८१ व ६६१ या तीन जागी, पीबी-२ मध्ये २६५ व्या जागी आणि एनपी मध्ये ३४ व्या जागी असे एकूण पाच बदल या गुणाला कारणीभूत ठरले होते. पीबी-१ हे प्रथिन ७५७ अ‍ॅमिनो आम्लांच्या साखळीचे असते. त्यातील ५८१ व्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी ग्लायसिन आले, अशा स्वरूपाचे हे बदल. केवळ हे पाच बदल रानटी विषाणूत मुद्दाम घालून पाहिले, तेव्हा तोही उष्णतेला भिऊ लागला. लेनिनग्राडच्या वाणातही पीबी-१ व पीबी-२ या जनुकांतील बदल मुख्य असल्याचे आढळले, परंतु त्यांच्या जागा वेगळ्या आहेत. दोन देशांत, दोन वेगळ्या विषाणूंवर, थंडीने एकाच यंत्रावर घाव घातला होता.

एक फसलेला प्रयत्न

बदलांच्या संख्येला येथे एवढे महत्त्व का, हे साध्या हिशेबाने कळते. लाखातून एक या प्रमाणात एखादे अक्षर चुकते असे धरू. लसीच्या एका मात्रेत एका वाणाचे सुमारे एक कोटी विषाणू असतात. दुर्बळता एकाच अक्षरावर अवलंबून असती, तर पहिल्याच पिढीत शंभरएक विषाणूंनी ते अक्षर पूर्ववत केले असते. दोन अक्षरे एकदम पूर्ववत होण्याचा संभव एक हजार कोटींतून एक. पाच अक्षरांचा हिशेब मांडण्यास कोटी हा शब्दही अपुरा पडतो.

परंतु विषाणू अंकगणिताला बांधलेला नसतो, हे १९८० च्या सुमारास अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील शास्त्रज्ञांना कळून चुकले. त्यांनी वेगळा मार्ग धरला होता. फ्लुरोयुरासिल या रसायनाच्या साहाय्याने विषाणूत मुद्दाम उत्परिवर्तने घडवून आणावयाची आणि त्यांतून उष्णता न सोसणारे विषाणू निवडावयाचे, असा तो मार्ग. या पद्धतीने त्यांनी दोन वेगवेगळ्या पॉलिमरेज जनुकांत दोष असलेला विषाणू तयार केला. प्रौढांच्या बाबतीत तो ठीक वागला. मात्र पूर्वी कधीही फ्ल्यू न झालेल्या, म्हणजे ज्याच्या शरीरात कोणतीही प्रतिकारशक्ती नाही अशा लहान मुलाला तो दिल्यावर नाकातून परत मिळालेल्या काही विषाणूंनी उष्णतेची भीती टाकून दिल्याचे आढळले.

हे कसे घडले, याचा शोध १९८१-८२ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तो बोधक आहे. विषाणूने सगळे जुने दोष दुरुस्त केले नव्हते. मूळ दोष जागेवर असतानाही अन्यत्र घडलेल्या एखाद्या नव्या बदलाने त्याचा परिणाम झाकला जातो, असे दिसून आले. दाराची बिजागरी वाकडी झाली तर ती सरळ करण्याऐवजी चौकट तासून दार बसवावे, तसे हे झाले. दुरुस्तीच्या अशा आडवाटा किती असू शकतात, हे कोणत्याही हिशेबात आधी धरता येत नाही. रसायनाने घडविलेल्या त्या लसीचा नाद सोडून याच संस्थेतील शास्त्रज्ञ पुढे मासाब यांच्या वाणाकडे वळले.

थंडीत वाढविलेल्या वाणाचे दोष अनेक जनुकांत पसरलेले आहेत, ही त्याची जमेची बाजू. केवळ उष्णतेची भीती हाच त्याचा एकमेव दुबळेपणा नाही. एका आडवाटेने तो गुण गेला तरी इतर दोष शिल्लक राहतात.

पोलिओच्या डोसांशी तुलना

जिवंत लस पुन्हा सबळ झाल्याचे सर्वांत ठळक उदाहरण पोलिओच्या तोंडावाटे देण्याच्या लसीचे आहे. ते लपवून ठेवण्यात अर्थ नाही. या लसीतील विषाणूंची, विशेषतः दुसऱ्या व तिसऱ्या प्रकारांची दुर्बळता अवघ्या दोन-तीन प्रमुख बदलांवर आधारलेली होती. त्यांतील एक महत्त्वाचा बदल मुलाच्या आतड्यात थोड्याच दिवसांत पूर्ववत होतो, हे १९८० च्या दशकातच सिद्ध झाले. शिवाय हा विषाणू आतड्यात कित्येक आठवडे वाढतो आणि विष्ठेवाटे बाहेर पडून एका मुलाकडून दुसऱ्याकडे जातो. जेथे बहुतेक मुलांना डोस मिळालेले असतात, तेथे त्याची वाट लवकर खुंटते. जेथे लसीकरण अर्धवट राहते, तेथे तो महिनोन्‌महिने फिरत राहतो आणि बदल साठवीत जातो. २००० व २००१ मध्ये हैती व डोमिनिकन रिपब्लिक या देशांत लसीपासूनच उद्भवलेल्या विषाणूने पक्षाघाताची साथ आली, ती अशा अपुऱ्या लसीकरणाच्या भागात.

भारतात रानटी पोलिओचा अखेरचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी देश पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. हे याच डोसांचे यश होय. दुसऱ्या प्रकारचा रानटी विषाणू जगातून नाहीसा झाल्यावर एप्रिल २०१६ मध्ये त्या प्रकारची लस नेहमीच्या डोसांतून जगभर वगळण्यात आली. पुढे त्याच प्रकारची नवी लस तयार करण्यात आली. तिच्या विषाणूचा मजकूर सहजासहजी पूर्ववत होऊ नये अशी रचना त्यात मुद्दाम केलेली आहे. तिच्या तातडीच्या वापरास नोव्हेंबर २०२० मध्ये मान्यता मिळाली.

फिनलंडमधील पाळणाघरे

फ्ल्यूच्या लसीतील विषाणू एका मुलाकडून दुसऱ्याकडे जातो काय आणि गेल्यास बदलतो काय, याची परीक्षा फिनलंडमधील पाळणाघरांत करण्यात आली. ८ ते ३६ महिने वयाची १९७ मुले तीत होती. निम्म्यांना नाकातून लस व निम्म्यांना लसविरहित द्रव देण्यात आला. एकमेकांची खेळणी तोंडात घालणारी, अखंड शेंबूड वाहणारी ही वयाची मुले. विषाणूला याहून अनुकूल जागा सापडणे कठीण. लस दिलेल्यांपैकी सुमारे ८० टक्के मुलांच्या नाकातून काही दिवस लसीचा विषाणू बाहेर पडला. लस न दिलेल्या मुलांपैकी एकाच्या नाकात तो निश्चितपणे आढळला. त्या विषाणूची तपासणी केली असता थंडीत वाढण्याचा व उष्णता न सोसण्याचा गुण कायम असल्याचे दिसून आले. हे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले.

संक्रमण मुळीच होत नाही, असे यावरून म्हणता येणार नाही. ते क्वचित होते, आणि झाले तरी पुढे जाणारा विषाणू दुर्बळच राहतो, एवढेच म्हणता येते. घरोघरी सांगताना नेमके एवढेच सांगणे इष्ट आहे.

आणखी एक शंका जाणकार घेतात. लस घेतलेल्या मुलाला त्याच वेळी रानटी फ्ल्यूही झाला, तर दोहोंचे तुकडे मिसळणार नाहीत काय? मिसळू शकतात. मात्र नेहमीच्या हंगामी लसीत आवरणाचे तुकडे मुळात फिरत्या रानटी विषाणूसारखेच असतात, त्यामुळे मिसळीतून अपरिचित आवरणाचा विषाणू निर्माण होत नाही. आणि लसीचे अंतर्गत तुकडे रानटी विषाणूत शिरले तर त्याची ताकद वाढण्यापेक्षा घटण्याचाच संभव अधिक. माणसांत न फिरणाऱ्या पक्ष्यांच्या फ्ल्यूच्या आवरणाची लस ही वेगळी बाब आहे. अशा लसींच्या अमेरिकेतील पहिल्या चाचण्यांत स्वयंसेवकांना याच कारणास्तव विलगीकरणात ठेवण्यात आले होते.

दुर्बळतेची दुसरी बाजू

विषाणू सबळ होण्याच्या भीतीने लोक चिंतित असतात. प्रत्यक्षात गेल्या काही वर्षांत या लसीला अडचण आली ती उलट बाजूने. विषाणू फार दुबळा झाला तर तो नाकात वाढतच नाही आणि शरीराला काही शिकवीत नाही. २०१३-१४ च्या हंगामात अमेरिकेत असे दिसून आले, की नाकातील लस २००९ च्या एच-१ एन-१ विषाणूपासून मुलांचे पुरेसे रक्षण करीत नाही. यामागे आवरणावरील प्रथिनातील एका अ‍ॅमिनो आम्लाचा हात असल्याचे आढळले. लसीसाठी घेतलेल्या कॅलिफोर्नियातील मूळ विषाणूचे हे प्रथिन उष्णतेने लवकर बिघडत असे. निसर्गात पुढे पसरलेल्या विषाणूंनी नेमक्या त्याच जागी बदल करून आपले प्रथिन पक्के करून घेतले होते; लस मात्र जुन्याच कच्च्या आवरणावर चालली होती. वाण बदलूनही लगेच सुधारणा दिसली नाही. २०१६-१७ व २०१७-१८ या दोन हंगामांत अमेरिकेच्या सल्लागार समितीने या लसीची शिफारस मागे घेतली आणि नव्या वाणाची खात्री पटल्यानंतर २०१८-१९ पासून ती पुन्हा दिली.

पुण्यात तयार झालेल्या लसीच्या २०१३ मधील दोन चाचण्यांचे निकालही असेच विचारात पाडणारे आहेत. बांगलादेशातील लहान मुलांत तिने सुमारे ५८ टक्के संरक्षण दिले, तर आफ्रिकेतील सेनेगलमध्ये तिचा लाभ दिसून आला नाही. सेनेगलमध्ये त्या वर्षी २००९ च्या एच-१ एन-१ विषाणूचाच जोर होता. या तफावतीच्या कारणांबाबत तज्ज्ञांत एकमत नाही. लस सुरक्षित असणे आणि ती गुणकारी असणे या दोन वेगळ्या परीक्षा आहेत, आणि पहिलीत उत्तीर्ण झालेली लस दुसरीत दरवर्षी नव्याने बसविली जाते.

गावपातळीवर काय सांगावे

लस दिल्यानंतर दोन-चार दिवस नाक वाहणे किंवा चोंदणे हे विषाणू सबळ झाल्याचे लक्षण नव्हे. तो नाकात वाढत असल्याचे ते चिन्ह आहे आणि तेच अपेक्षित असते. तीव्र ताप व दम लागणे ही लक्षणे मात्र लसीच्या नावावर टाकून स्वस्थ बसू नये. फ्ल्यूच्या हंगामात ती रानटी फ्ल्यूची किंवा अन्य रोगाची असण्याचा संभव अधिक असतो आणि अशा रुग्णास तत्काळ आरोग्य केंद्रात नेले पाहिजे. विषाणू लसीचा की रानटी, याचा निर्णय नाकातील स्रावाच्या प्रयोगशाळेतील तपासणीने करता येतो.

गरोदर स्त्रिया, दोन वर्षांखालील मुले आणि ज्यांची प्रतिकारशक्ती आजाराने किंवा औषधांनी खचलेली आहे अशा व्यक्तींना जिवंत लस देत नाहीत. त्यांच्या शरीरात दुर्बळ विषाणूलाही अधिक काळ मोकळे रान मिळू शकते. दोन वर्षांखालील मुले वगळण्याचे कारण निराळे आहे: काही लहानग्यांत लसीनंतर छातीत घरघर वाढल्याचे आढळले होते. सहा महिन्यांवरील अशा मुलांसाठी व वरील इतरांसाठी मृत विषाणूची टोचण्याची लस असते. लसीची कुपी २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानातच ठेवावी लागते. उष्णतेला भिणे हाच ज्या विषाणूचा गुण, त्याची शीतपेटी उन्हात उघडी राहिली, तर मुलाच्या नाकात पोहोचण्यापूर्वीच तो निकामी झालेला असतो आणि नोंदवहीत मात्र लस दिल्याची खूण पडलेली असते.